मागच्या फळीतली कारकीर्द

प्रस्तावना

संध्याकाळी मैदानावर दोन संघ पाडले जातात तेव्हा पुढे कोण खेळणार यावरून भांडण होते. मागे कोण थांबणार यावरून कधीच होत नाही. ज्याचा चेंडूवर ताबा कमी, जो उशिरा आला किंवा जो वयाने लहान, त्याला ‘तू बॅकला थांब’ असे सांगितले जाते आणि खेळ सुरू होतो. सांगलीच्या विश्रामबागेत हेच चालते, मिरजेत हेच चालते, आणि कोल्हापूरच्या पेठांमध्ये फुटबॉल नसानसांत भिनलेला असला तरी तिथल्या गल्लीतही लहान पोरांना गोलच करायचा असतो. हे पुस्तक मागे उभ्या केलेल्या त्या मुलासाठी आहे. त्याला मिळालेली जागा ही शिक्षा नाही, तिच्यावर आयुष्याची कारकीर्द उभी राहू शकते, हे त्याला नावानिशी आणि तारखेनिशी दाखवून द्यावे, एवढाच या लेखनामागचा हेतू आहे.

नावानिशी म्हणताना पहिली तारीख आठवते ती १० सप्टेंबर २०१९. दोहातल्या जासिम बिन हमाद स्टेडियमवर २०२२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत कतारविरुद्ध खेळत होता. कतार त्याच वर्षी जपानला ३-१ ने हरवून आशिया चषक जिंकलेला संघ. त्या स्पर्धेत नऊ गोल करून विक्रम करणारा अल्मोएझ अली त्यांच्या आघाडीला. पाचच दिवसांपूर्वी त्यांनी अफगाणिस्तानवर सहा गोल चढवले होते. भारताची अवस्था उलटी होती. गुवाहाटीत ओमानविरुद्ध ८२व्या मिनिटापर्यंत आघाडीवर असताना शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल स्वीकारून संघ हरला होता, आणि दोहात कर्णधार सुनील छेत्री आजारपणामुळे मैदानात नव्हता. सामना ०-० असा बरोबरीत सुटला. कतारने त्या गटात आठ सामने खेळले, सात जिंकले. न जिंकलेला एकमेव सामना हाच.

गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने त्या रात्री केलेला खेळ सर्वांच्या लक्षात राहिला आणि तो राहायलाच हवा. पण त्याच्यापुढची चौघांची फळी पाहा. उजवीकडे मुंबईचा राहुल भेके. मध्ये चंदीगडचा संदेश झिंगन आणि गोव्याचा आदिल खान. डावीकडे गोव्याच्या म्हापशाचा मंदार राव देसाई. त्यांच्यापुढे ढालीसारखा उभा असलेला मधल्या फळीतला रॉलिन बोर्जेसही गोव्याचाच. म्हणजे आशियातल्या सर्वांत चांगल्या संघाला नव्वद मिनिटे रोखणाऱ्या चार बचावपटूंपैकी तिघे आपल्या कोकण किनारपट्टीवरचे होते. त्यातही आदिल आणि मंदार हे दोघे कारकिर्दीची बरीच वर्षे मधल्या फळीत काढून मागे आलेले. या पुस्तकाचा विषय इथेच सापडतो: बचावपटू कसा घडतो, मधल्या फळीतला खेळाडू मागे येऊन कसा स्थिरावतो, आणि ही माणसे इतकी वर्षे टिकतात कशी.

आधी मंदारकडे पाहू, कारण जागा बदलण्याचा अर्थ त्याच्या कारकिर्दीत सर्वांत स्पष्ट दिसतो. १९९२ साली जन्मलेला हा मुलगा डेम्पोसारख्या मातब्बर क्लबातून वर आला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हा तो झिको यांच्या मार्गदर्शनाखालच्या एफसी गोवा संघात दाखल झाला. ब्राझीलचा हा थोर खेळाडू ज्या संघाला आक्रमण शिकवत होता, त्या संघात मंदार डाव्या बाजूने धावणारा मधल्या फळीतला खेळाडू होता. वेग होता, डावा पाय चांगला होता, दमही मोठा होता. पण या लीगमध्ये पुढच्या आणि मधल्या जागा भरायला परदेशी खेळाडू येतात, आणि भारतीय मुलाला आधी त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते. २०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी मंदारला लेफ्ट बॅक केले.

वरवर पाहता ही पीछेहाट. विंगवरच्या खेळाडूला मागे आणले की तो खाली घसरला असे आपण समजतो. पण लोबेरांच्या खेळाची पद्धत समजून घेतली की चित्र पालटते. त्यांचा संघ चेंडू स्वतःकडे ठेवून खेळायचा, आणि विंगर आत वळला की बाजूची सगळी पट्टी मोकळी सुटायची. त्या पट्टीत खालून वर धावत जाणारा माणूस त्यांना हवा होता. विंगर असताना मंदारला चेंडू मिळायचा तेव्हा त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी आधीच उभा असायचा. मागून निघाल्यावर तो मोकळ्या जागेत वेगाने येऊ लागला. त्याचा जुना गुण वाया गेला नाही, त्याला धावायला लांब पल्ला मिळाला. मात्र एक नवी गोष्ट शिकावी लागली. वर जायचे कधी आणि थांबायचे कधी, हा निर्णय प्रत्येक हल्ल्यात एकदा घ्यायचा आणि चुकला तर चाळीस मीटर उलटे धावायचे.

त्या निर्णयावर त्याची पुढची सगळी कारकीर्द उभी राहिली. २०१९ च्या एप्रिलमध्ये भुवनेश्वरला चेन्नईयनला हरवून एफसी गोवाने सुपर कप जिंकला. २०२० च्या फेब्रुवारीत लीगमधले अव्वल स्थान मिळवून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट प्रवेश मिळवणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. त्यानंतर लोबेरांपाठोपाठ मंदारही मुंबई सिटीला गेला आणि २०२०-२१ च्या हंगामात त्या क्लबने लीग विजेत्याची ढाल आणि करंडक दोन्ही पटकावले. आयएसएलमध्ये शंभर सामने पूर्ण करणारा पहिला खेळाडू मंदारच. गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव वर सापडणार नाही. पण इतके सामने एखाद्याच्या वाट्याला येतात याचा अर्थ एवढाच असतो, की दर आठवड्याला प्रशिक्षक कागदावर अकरा नावे लिहायला बसतात तेव्हा हे नाव त्यांना विचार न करता लिहिता येते.

राहुल भेकेची वाट वेगळी. १९९० चा जन्म, मुंबईचा. खालिद जमील यांच्या प्रशिक्षणाखालच्या मुंबई एफसीतून तो राष्ट्रीय पातळीवर दिसू लागला. तिथून ईस्ट बंगाल, मग केरळ ब्लास्टर्स, एफसी पुणे सिटी, आणि २०१७ मध्ये बेंगळुरू एफसी. सुरुवातीला त्याची ओळख होती ती लांब थ्रो-इनमुळे. बाजूच्या रेषेवरून हाताने टाकलेला चेंडू थेट गोलसमोरच्या गर्दीत पोहोचवायचा ही कला आपल्याकडे फार कमी जणांना साधते. प्रतिस्पर्ध्याने चेंडू बाहेर घालवून सुटकेचा श्वास घ्यावा, तर भेकेच्या हातून तोच चेंडू कॉर्नरसारखा परत येणार. एका राइट बॅकने स्वतःच्या हातांतून संघासाठी हल्ल्याचे एक साधन तयार केले होते.

१७ मार्च २०१९ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना होता. एका बाजूला भेकेचा बेंगळुरू, दुसऱ्या बाजूला मंदारचा गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि संघ दहा जणांवर आला. ११७व्या मिनिटाला डिमास डेल्गाडोने कॉर्नर घेतला आणि गर्दीतून उडी घेऊन भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. सामना १-० असा संपला, बेंगळुरूला पहिले विजेतेपद मिळाले, आणि तेही मुंबईच्या पोराने मुंबईत मिळवून दिले. सहा महिन्यांनी हेच दोन प्रतिस्पर्धी दोहात भारताच्या दोन बाजू सांभाळत होते. पुढे २०२१ मध्ये भेके मुंबई सिटीत आला आणि दोघे एकाच क्लबात खेळू लागले.

मुंबई सिटीचा एप्रिल २०२२ मधला रियाधचा सामना भेकेच्या कारकिर्दीत महत्त्वाचा. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई एका गोलने मागे होती. दिएगो मॉरिसिओने बरोबरी साधली आणि पाचच मिनिटांत भेकेने दुसरा गोल केला. २-१. त्या स्पर्धेच्या गटफेरीत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना, आणि विजयी गोल बचावपटूचा. वयाबरोबर भेके राइट बॅकवरून मध्यभागी सरकला, सेंटर बॅक झाला, मुंबई सिटीचा कर्णधार झाला. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ ने हरवून मुंबईने करंडक जिंकला. मग तो बेंगळुरूला परतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध भारताला बरोबरी मिळाली ती त्याच्या हेडरमुळे, आणि मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध पहिला गोल त्याचाच. तेव्हा त्याचे वय चौतीस होते. त्याच्या पिढीतले किती आघाडीवीर त्या वयात देशाकडून खेळत होते, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील.

आता जरा मागे जाऊ. बचावपटूचे काम आज जसे आहे तसे नेहमी नव्हते, आणि ते बदलले ते मुख्यतः नियमांमुळे. १९२५ पर्यंत ऑफसाइडच्या नियमात आक्रमकाच्या पुढे प्रतिस्पर्धी संघाचे किमान तिघे असावे लागत. त्यामुळे दोन बॅक पुरत. एकाने पुढे सरकून सापळा लावायचा, दुसऱ्याने मागे थांबायचे. १९२५ मध्ये तिघांचे दोघे केले गेले आणि इंग्लंडमध्ये गोलांचा पाऊस पडू लागला. त्यावर उपाय म्हणून हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनलने मधल्या फळीतला एक माणूस मागे आणून दोन बॅकच्या मध्ये उभा केला. कोल्हापूर-सांगलीकडे आजही ज्याला ‘स्टॉपर’ म्हणतात, त्या जागेचा जन्म असा झाला. म्हणजे आधुनिक फुटबॉलमधला मुख्य बचावपटू मुळात मधल्या फळीतून मागे आलेला आहे. आदिल खानने किंवा मंदारने जे केले, त्याला शंभर वर्षांची परंपरा आहे.

दुसरा मोठा बदल १९९२ चा. तोवर अडचणीत सापडलेला बॅक चेंडू गोलरक्षकाकडे सारायचा आणि गोलरक्षक तो हातांत घ्यायचा. १९९२ पासून सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईनासा झाला. त्या एका नियमाने बचावपटूच्या पायांना शाळेत बसवले. अंगावर धावून येणारा आघाडीवीर असताना चेंडू शांतपणे वळवायचा, पुढे द्यायचा, खेळ सुरू करायचा, हे काम त्याच्याकडे आले. मधल्या फळीत वाढलेल्या खेळाडूंना मागच्या जागा मिळू लागण्याचे हे एक मोठे कारण. बार्सिलोनाने अर्जेंटिनाच्या हाविएर मास्केरानोला मधल्या फळीतून मागे आणले ते यासाठीच. उलट प्रवासही झाला. बायर्न म्युनिकचा फिलिप लाम जगातला उत्तम फुलबॅक असताना २०१३ मध्ये पेप गार्डिओला यांनी त्याला मधल्या फळीत खेळवले. मैदान वाचता येणारा माणूस कुठेही उभा करा, तो उपयोगी पडतो.

हे मैदान वाचणे म्हणजे काय, ते जवळून पाहिले पाहिजे. समजा डावीकडून प्रतिस्पर्धी विंगर चेंडू घेऊन येतो आहे. राइट बॅक त्याच्यासमोर सरळ छाती करून उभा राहिला तर विंगरला दोन्ही बाजू मोकळ्या. म्हणून तो तिरका उभा राहतो, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, वजन पंजांवर. अशा उभे राहण्यातून तो विंगरला बाहेरची, रेषेकडची वाट देतो आणि आतली बंद करतो. नजर चेंडूवर, प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांवर नाही, कारण खांदे हुलकावणी देतात. पाय घालण्याची घाई करत नाही. विंगरने चेंडू थोडा लांब ढकलला, की त्या क्षणी पाय पडतो. त्याच वेळी सेंटर बॅक त्याच्या मागे तिरपा, सात-आठ पावलांवर येऊन थांबलेला असतो, आणि दुसऱ्या टोकाचा लेफ्ट बॅक आत सरकून गोलसमोरची जागा झाकतो. चेंडू एका बाजूला आणि चौघांची हालचाल एका दोरीत. हे सगळे घडून विंगरने चेंडू मागे दिला, तर प्रेक्षकांत कोणीही टाळी वाजवत नाही. काही झालेच नाही असे वाटते. बचावपटूचे उत्तम काम दिसते ते असेच, काहीच न घडण्यात.

ऑफसाइडच्या सापळ्यात तर चौघांपैकी एकाचा एक पाय मागे राहिला तरी सगळे कोसळते. त्यासाठी एकाला बोलावे लागते. चांगल्या बचावफळीच्या शेजारी उभे राहिलात तर कान किटतील इतका आवाज असतो: ‘वर’, ‘थांब’, ‘मागे माणूस’, ‘माझा’. आपल्याकडच्या मुलांना पायाचे कौशल्य शिकवले जाते, बोलणे शिकवले जात नाही. या पुस्तकात एक अख्खे प्रकरण बोलण्यावर आहे, ते याचसाठी.

मानसन्मानाच्या हिशेबात मात्र ही जागा नेहमीच मागे राहिली. बॅलन डी’ओर हा जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार १९५६ पासून दिला जातो. एवढ्या वर्षांत तो मिळालेले बचावपटू तीनच: दोनदा जिंकणारा फ्रान्झ बेकेनबाउर, १९९६ मध्ये मथायस झामर आणि २००६ मध्ये फाबिओ कॅनव्हारो. पहिले दोघेही मधल्या फळीतून मागे आलेले. हे वाचून एखाद्या मुलाने हिरमुसायचे कारण नाही. पुरस्कार थोडे असतात, पण संघाला दर शनिवारी चार बचावपटू लागतातच.

भारताच्या फुटबॉलचा सर्वांत मोठा दिवस कोणता असे विचारले तर ४ सप्टेंबर १९६२ सांगावा लागतो. जाकार्तात आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक रहीम साहेबांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवले. पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांचा, दुसरा जर्नेल सिंग यांचा. जर्नेल सिंग हे त्या संघाचे स्टॉपर. स्पर्धेत आधी त्यांचे डोके फुटले होते, टाके पडले होते. मागे हेडरच्या टकरी घेणे धोक्याचे म्हणून प्रशिक्षकांनी त्यांना आघाडीला खेळवले, आणि त्यांनी गोल केले. त्याच जाकार्तात आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी कुस्तीत सुवर्णपदक मिळवले होते. सांगलीकरांना ते सुवर्ण पाठ आहे. त्याच स्पर्धेतले जर्नेल सिंग यांचे सुवर्णही आपल्या मुलांना ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

जर्नेल सिंग यांच्यानंतरच्या काळात आपल्या भागातून जे बचावपटू झाले त्यांतली काही नावे पुढच्या प्रकरणांत येतील. गोव्याचे डेरिक परेरा साळगावकर संघाचे भरवशाचे बचावपटू होते, पुढे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. गोव्याचा महेश गवळी टाटा फुटबॉल अकादमीत घडला आणि दशकभर भारताच्या बचावाचा आधार राहिला. डेम्पोने २००८ ते २०१२ या काळात तीनदा आय-लीग जिंकली तेव्हा मागे गवळी आणि समीर नाईक होते. गवळी पुढे भारतीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. २०२३ च्या दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्यावर बंदी आली, तेव्हा उपांत्य आणि अंतिम सामन्यात संघाची सूत्रे गवळीकडे होती आणि भारताने करंडक जिंकला. बचावपटू पुढे चांगले प्रशिक्षक होतात, यात नवल नाही. सगळा खेळ डोळ्यांसमोर ठेवून उभे राहण्याची सवय त्यांना पंधरा-वीस वर्षे लागलेली असते.

एवढे सगळे उजळ सांगितल्यावर दुसरी बाजू लपवणे योग्य नाही. ही कारकीर्द कष्टाची आहे आणि अनिश्चितही. भेके ज्या क्लबांतून गेला त्यांपैकी मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि नंतर दिसेनासा झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि ती जागा हैदराबादला गेली. महिंद्र युनायटेड २०१० मध्येच गुंडाळला गेला होता. पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स ही नावे आजच्या मुलांनी ऐकलेलीही नसतील. डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. आपल्या राज्यात आणि शेजारी गोव्यात व्यावसायिक फुटबॉलची घरे अशी एकामागून एक मोडली. मुलगा कितीही चांगला असला तरी त्याचा क्लब उद्या असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून शिक्षण सोडून मैदान धरा असा सल्ला या पुस्तकात कुठेही दिलेला नाही.

दुखापतीचेही तसेच. १३ मार्च २०२१ च्या आयएसएल अंतिम सामन्यात मुंबई सिटीचा राइट बॅक, मुंबईचाच अमेय रानवडे, पहिल्या सत्रात टक्कर होऊन कोसळला. रुग्णवाहिका थेट मैदानात आणून त्याला रुग्णालयात न्यावे लागले. त्याचे सहकारी जिंकले, पण जल्लोषाच्या वेळी तो तिथे नव्हता. तो बरा होऊन परतला आणि पुन्हा त्याच जागेवर खेळू लागला. आईवडिलांनी हा प्रसंग वाचावा. भीती वाटावी म्हणून सांगत नाही. डोक्याला मार लागला की खेळ थांबवायचाच, हा नियम आपल्या गल्लीतल्या सामन्यालाही लागू व्हावा म्हणून सांगतो.

आता आपल्या गावाकडे. सांगलीने खेळाडू कमी दिले नाहीत. विजय हजारे आणि नंदू नाटेकर इथे जन्मले, स्मृती मानधना इथल्या मातीत वाढली, कुस्ती आणि कबड्डीला तर इथे घराघरांत मान आहे. विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि वालचंद १९४७ पासून आहे, म्हणजे विद्यार्थी आणि मोकळी जागा या दोन्ही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत. पन्नास किलोमीटरच्या आत कोल्हापूर आहे. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ उतरले की पेठाच्या पेठा रस्त्यावर येतात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल पोसल्याचे असे उदाहरण देशात विरळा. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला आणि २०२२ मध्ये आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता. तिथे त्याचे काम बाजूने धावण्याचे होते. जागा बदलण्याची तयारी नसेल तर गुणी मुलालाही पुढचे दार उघडत नाही, हे त्याच्याही वाटचालीतून दिसते.

कोल्हापूर इतके जवळ असून सांगली-मिरजेत फुटबॉल मागे राहिला, आणि माझ्या मते त्याचे कारण मुलांत नाही, आपल्यात आहे. शाळेच्या संघनिवडीत आपण सगळ्यांत वेगवान मुलगा शोधतो. दहा वर्षांच्या मुलाला एकदा बॅक ठरवले की सोळाव्या वर्षापर्यंत तो बॅकच राहतो, आणि आघाडीला खेळणाऱ्याला चेंडू हिसकावायला कोणी शिकवत नाही. मंदारला आणि आदिलला दोन जागांचे शिक्षण मिळाले, म्हणून वय वाढले तरी त्यांची गरज संपली नाही. चौदा वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाने प्रत्येक जागेवर खेळावे, एवढा एक बदल प्रत्येक शाळेला आणि मंडळाला आजपासून करता येण्यासारखा आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात जागा आणि त्यांची कामे, दुसऱ्यात भेके, मंदार, आदिल, गवळी यांच्या कारकिर्दी, तिसऱ्यात सराव, आहार, दुखापत आणि करार यांची व्यवहारी माहिती. मुलांनी मधला भाग आधी वाचला तरी चालेल. पालकांनी शेवटचा भाग सोडू नये. प्रशिक्षकांनी पहिला भाग तपासून पाहावा आणि जिथे माझे म्हणणे मैदानावर टिकत नाही तिथे ते खोडून आपले लिहावे.

वाचकाला एकच विनंती आहे. पुढचा सामना बघाल, टीव्हीवर असो की शाहू स्टेडियमवर, तेव्हा पंधरा मिनिटे चेंडूवरची नजर काढा आणि एकाच बॅककडे पाहा. तो कुठे उभा आहे, कोणाशी बोलतो आहे, कधी पुढे जातो आणि कधी मन आवरून थांबतो, ते टिपा. मग मैदानावर जा, आणि तिथे मागे उभ्या असलेल्या मुलाने काय चांगले केले ते त्याला त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगा.

विश्रामबाग, सांगली